दहा दिवसांचे हिवताप-संशोधन प्रशिक्षण: विद्यार्थ्यांना पाठवावे का?

गेल्या फेब्रुवारीत आमच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थिनींना घेऊन मी राज्याबाहेरच्या एका सरकारी संशोधन संस्थेत दहा दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला गेले होते. हिवताप आणि इतर कीटकजन्य आजारांवरील संशोधन प्रत्यक्षात कसे चालते आणि त्यात शिरायचे असेल तर वाट कोणती, या दोन गोष्टींची ओळख करून देणे हा या प्रशिक्षणाचा जाहीर उद्देश होता. शुल्क माणशी ६,००० रुपये होते. जेवण आणि वसतिगृहाचा खर्च निराळा. संस्थेचे नाव मी येथे देत नाही. ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्यांतल्या बऱ्याचशा आमच्या तुकडीच्या नियोजनातून आलेल्या होत्या, आणि अशा धर्तीची प्रशिक्षणे देशात एकाहून अधिक ठिकाणी होत असल्यामुळे पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे हे वाचकांना कळणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

मी सिंधुदुर्गात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्या विद्यार्थ्यांना ताप नवा नाही. पावसाळा लागला की लेप्टोचे रुग्ण येतात, आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडताप आल्यापासून काजूच्या बागेत जाताना अंगाला तेल लावणारी, परत आल्यावर कपड्यांतून गोचीड शोधणारी माणसे ही मुले घरातच पाहत आली आहेत. त्यामुळे वर्गात या आजारांबद्दल कुतूहल असते आणि त्याच्या मागोमाग एक प्रश्नही असतो: “मॅडम, यात नोकरी कुठे असते?” आजवर आम्ही शिक्षक त्याला ‘नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्या’ एवढेच उत्तर देत आलो. ते उत्तर अपुरे आहे हे मला ठाऊक होते आणि ते किती अपुरे आहे हे या दहा दिवसांत नीट कळले.

प्रशिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग स्लाइड वाचनाचा, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी शोधण्याचा, होता आणि त्याला साडेतीन दिवस दिले होते. शिकवणारे गृहस्थ संस्थेतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ होते. बत्तीस वर्षे त्यांनी रक्ताच्या स्लाइडच वाचल्या होत्या. पहिल्या सकाळी त्यांनी कोणालाही सूक्ष्मदर्शकाजवळ जाऊ दिले नाही. एका स्लाइडवर रक्ताचा थेंब घेऊन दुसऱ्या स्लाइडच्या कोपऱ्याने तो गोल गोल पसरवून जाड स्मिअर (रक्ताचा जाड थर) करायचा, त्याच स्लाइडच्या उरलेल्या भागावर पातळ स्मिअर एका ओढीत काढायचा, आणि पुन्हा तेच करायचे, असा चार तासांचा सराव त्यांनी करून घेतला. जाड स्मिअर किती जाड असावा याची त्यांची कसोटी सोपी होती. टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरलेले होते. ओल्या स्मिअरखाली धरलेली बातमीची अक्षरे जेमतेम वाचता आली तर स्मिअर बरोबर. अक्षरे स्पष्ट दिसली तर तो पातळ, दिसलीच नाहीत तर तो वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटून रंगाच्या पाण्यात वाहून जाणार. माझ्या विद्यार्थिनींपैकी धाकटीचे पहिले अकरा स्मिअर त्यांनी बाजूला काढले आणि बारावा काही न बोलता रॅकमध्ये ठेवला. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी रंगवणे आणि वाचणे. पातळ स्मिअर मिथेनॉलने पक्का करायचा, जाड स्मिअरला मिथेनॉलचा थेंबही लागू द्यायचा नाही, कारण त्यातल्या तांबड्या पेशी फुटून त्यांचा रंग निघून गेला तरच खालचे परजीवी दिसतात, हे पुस्तकात आम्ही शिकवतोच. पण रंगाच्या पाण्याचा पीएच ७.२ च्या आसपास नसेल तर नेमके काय बिघडते, हे तेथे मुद्दाम बिघडवून दाखवले गेले: पाणी आम्लधर्मी होताच सगळा स्मिअर गुलाबी पडला आणि व्हायवॅक्स या प्रजातीच्या हिवताप-परजीवीमुळे फुगलेल्या पेशींतले बारीक ठिपके पार नाहीसे झाले. ते ठिपके नाहीसे झाले की प्रजात ओळखण्याचा मोठा आधार जातो, आणि प्रजात चुकली की उपचार चुकतो, कारण व्हायवॅक्सचा परजीवी यकृतात दडून राहतो आणि त्यासाठी प्रायमाक्वीन या औषधाचा चौदा दिवसांचा क्रम द्यावा लागतो.

ऑइल इमर्शनखाली (स्लाइडवर तेलाचा थेंब घालून वापरायच्या मोठ्या भिंगाखाली) किमान शंभर फील्ड, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारे भाग, पाहिल्याशिवाय स्लाइड ‘निगेटिव्ह’ लिहायची नाही, हा नियम सर्वांना पाठ असतो. तो पाळायला माणूस थकतो. माझ्या मोठ्या विद्यार्थिनीने एक स्लाइड चाळिसाव्या फील्डला सोडून दिली. सरांनी तिला रागावण्याऐवजी शेजारी बसवून मोजत मोजत पुढे नेले आणि एकाहत्तराव्या फील्डमध्ये फाल्सिपेरम या दुसऱ्या प्रजातीची निळी कडी व तिच्यावरचा लाल ठिपका दाखवला. तेवढ्यावर न थांबता त्यांनी औषधाचा परिणाम तपासणाऱ्या अभ्यासाचे उदाहरण घेतले. अशा अभ्यासात रुग्णाला औषध दिल्यानंतर २८ किंवा ४२ दिवस ठरलेल्या दिवशी रक्त घेतले जाते, प्रत्येक स्लाइड दोघे जण एकमेकांचे उत्तर न पाहता वाचतात आणि मतभेद झाला तर तिसरा वाचतो. ईशान्येकडील राज्यांत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची साथ आर्टेसुनेटला पुरेनाशी झाली म्हणून २०१३ मध्ये तेथील फाल्सिपेरमसाठीचे औषध बदलून आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन आले, त्या निर्णयाच्या तळाशी अशाच वाचकांचे डोळे आहेत. संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि महागडे यंत्र असे समजणाऱ्या विद्यार्थ्याला हे एक उदाहरण पुष्कळ शिकवून जाते.

परजीवींची संख्या काढणेही त्यांनी वहीवर करून घेतले. दोनशे पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत बारा परजीवी सापडले आणि एका मायक्रोलिटर रक्तात ८,००० पांढऱ्या पेशी धरल्या, तर परजीवी ४८० होतात. एक पेशी दोनदा मोजली गेली की आकडा कसा हलतो हेही लगेच दिसते. शेवटच्या दिवशी वीस स्लाइडची परीक्षा झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे पहिल्या श्रेणीच्या वाचकाला परजीवी आहे की नाही हे ओळखण्यात आणि प्रजात ओळखण्यात किमान ९० टक्के अचूकता लागते. धाकटीला वीसपैकी सोळा स्लाइड बरोबर वाचता आल्या, मोठीला चौदा. मी स्वतः सतरा बरोबर वाचल्या आणि एका निरोगी स्लाइडवर तांबड्या पेशीवर बसलेली प्लेटलेट परजीवी म्हणून लिहिली. अठरा वर्षे शिकवल्यानंतर ही चूक माझ्या हातून व्हावी याचे मला वाईट वाटले, आणि त्यामुळेच सर्व शिक्षकांनी हे प्रशिक्षण एकदा तरी घ्यावे असे मला मनापासून वाटते.

कीटकगृहातले दोन दिवसही चांगले गेले. सुमारे २७ अंश तापमान आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता राखलेली ती खोली, त्यात पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेमध्ये वाढणाऱ्या अळ्या, त्यांना रोज ठरल्या वेळी टाकली जाणारी यीस्ट आणि कुत्र्याच्या बिस्किटांची पूड, हे सारे रविवारीही चुकत नाही, दिवाळीतही नाही. अॅनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते आणि क्युलेक्सची श्वसननळी वर करून डोके खाली लोंबकळते, हा फरक एकदा ट्रेमध्ये पाहिला की विसरत नाही. प्रौढ डास नळीने ओढून घेणे, मादीचे अंडाशय पाण्याच्या थेंबात सोडवून तिने पूर्वी अंडी घातली आहेत की नाही हे श्वासनलिकांच्या गुंडाळ्यांवरून ठरवणे, हे प्रत्येकाने हाताने केले. मादी किती दिवस जगली याचा अंदाज यातून येतो, आणि परजीवीला डासाच्या पोटातून लाळग्रंथीपर्यंत पोहोचायला साधारण दहा ते चौदा दिवस लागत असल्यामुळे म्हाताऱ्या माद्या किती आहेत यावरच पुष्कळसे अवलंबून असते. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीवर पाहिलेल्या हिवतापाच्या परजीवीच्या गाठी आम्हाला साठवणीतल्या नमुन्यावर दाखवल्या गेल्या. माझ्या धाकट्या विद्यार्थिनीने त्या दिवशी रात्री आईला फोन करून पहिल्यांदा सांगितले ते याच गाठींबद्दल.

क्षेत्रभेट मात्र अर्ध्या दिवसात उरकली. एका बांधकामावरच्या सिमेंटच्या टाकीत डिपर (लांब दांड्याचा पळा) बुडवून अॅनोफिलिस स्टिफेन्सायच्या अळ्या मोजल्या, फॉर्म भरला आणि बस परत निघाली. शहरी हिवतापाचा हा मुख्य वाहक बांधकामाच्या पाण्यात, घरावरच्या टाक्यांत वाढतो; २०१२ पासून तो ‘आफ्रिकेच्या शिंगात’, म्हणजे त्या खंडाच्या ईशान्य टोकालाही, आढळू लागल्यामुळे त्याच्यावर आता जगभर काम चालू आहे. भारतातील संशोधकांचा या डासाशी जुना परिचय आहे, म्हणजेच आपल्या विद्यार्थ्यांपाशी एक तयार विषय आहे. असा विषय सोडून अर्ध्या दिवसात परतणे मला पटले नाही. बांधकाम मजुरांशी बोलायला मिळाले असते, त्यांच्या झोपण्याच्या जागा पाहता आल्या असत्या, तर विद्यार्थ्यांच्या लक्षात आले असते की रात्री टाकीवर झाकण का राहत नाही.

पीसीआरचा, म्हणजे परजीवीचा डीएनए वाढवून तो ओळखण्याच्या चाचणीचा, दिवस सर्वांत निराशाजनक होता. चोवीस प्रशिक्षणार्थींना एका यंत्राभोवती उभे करून एका संशोधक विद्यार्थ्याने सगळी प्रक्रिया स्वतः केली. पिपेट आमच्यापैकी कोणाच्याही हाती आली नाही. जलद चाचणीची किट ज्या एचआरपी-२ प्रथिनावर चालते ते बनवणारे जनुकच काही फाल्सिपेरम परजीवींतून गळलेले असते आणि अशी चाचणी मग खोटे निगेटिव्ह देते, हा अतिशय महत्त्वाचा विषय त्या दिवशी पाच मिनिटांत सांगून संपवला. माहितीपत्रकात ‘प्रत्यक्ष सराव’ असे छापले होते. ज्या दिवसाला ते शब्द लागू नाहीत तो दिवस वेगळा सांगायला हवा होता.

आता करिअरच्या सत्राविषयी. माझ्या दोघी ज्यासाठी आल्या होत्या तो हा भाग एका तासात, दाटीवाटीने भरलेल्या पडद्यांवरून वाचून दाखवला गेला. संस्थांची नावे होती, परीक्षांची नावे होती, पण कोणत्या दारातून कोण जाऊ शकतो हे नव्हते. बीएस्सी झालेल्या मुलीने काय करावे, एमएस्सी झालेल्या मुलीने काय करावे, नेट न निघालेल्याने काय करावे, हे तिन्ही प्रश्न विचारले गेले आणि तिन्हींना संकेतस्थळ पाहा असे एकच उत्तर मिळाले.

खरे उत्तर त्याच संध्याकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यात मिळाले. संस्थेत प्रकल्पावर काम करणारी, विदर्भातून आलेली एक तरुणी आमच्या शेजारच्या खोलीत राहत होती. ती मला म्हणाली, “मॅडम, मुलींना प्रकल्पाचा अर्थ नीट सांगा.” सहा वर्षांत तिने तीन प्रकल्प केले होते. प्रकल्पाचा निधी संपला की जागा संपते, मुदतवाढीचे पत्र कधी येते तर कधी येत नाही, आणि दोन प्रकल्पांच्या मधले चार महिने तिने गावी शिकवण्या घेऊन काढले होते. पीएचडीची नोंदणी तिसऱ्या प्रकल्पात झाली. तरीही तिने काम सोडले नव्हते, आणि का सोडले नाही हे सांगताना ती तिच्या पहिल्या क्षेत्रातल्या एका पाड्याबद्दल बोलली, जेथे दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात एकही नवा रुग्ण निघाला नव्हता. माझ्या दोघी रात्री साडेअकरापर्यंत तिच्याशी बोलत होत्या. सहा हजार रुपयांतले निम्मे त्या व्हरांड्यातच वसूल झाले असे मी म्हणेन.

त्या सत्रात जे सांगायला हवे होते ते थोडक्यात येथे लिहिते, कारण हे वाचणाऱ्या पालकांना त्याची गरज आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून किंवा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या परीक्षेतून कनिष्ठ संशोधक छात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ श्रेणीत ४२,००० रुपये मिळतात, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे. प्रकल्पावरील तंत्र-सहायकाला मात्र याहून बरेच कमी मिळते आणि त्याची नेमणूक मुदतीची असते. जीवशास्त्रातला पदवीधर थेट कीटकशास्त्राकडे वळू इच्छित असेल तर पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्रात सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राचे एमएस्सी करता येते. हे केंद्र १९७५ पासून काम करत आहे. दिल्लीची राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था १९७७ मध्ये मलेरिया संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि तिची क्षेत्र-केंद्रे अनेक राज्यांत आहेत, त्यांतले एक गोव्यात. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सहकार्याने हिवतापाच्या परजीवीवर संशोधन झाले आहे. सावंतवाडीच्या मुलीला हे घराच्या दारात आहे, आणि तिला ते मी सांगेपर्यंत माहीत नव्हते.

विषाणूंकडे ओढा असणाऱ्यांसाठी पुणे आहे. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या आणि आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनीच १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलातील माकडतापाचा विषाणू शोधून काढला. दोडामार्गच्या मुलांना मी हे आता वर्गात सांगते तेव्हा पुणे त्यांना एकदम जवळचे वाटू लागते. क्षयरोगासाठी चेन्नई, काळ्या आजारासाठी पाटणा, आदिवासी आरोग्यासाठी जबलपूर येथे परिषदेच्या संस्था आहेत. मुंबईत परळची हाफकिन संस्था १८९९ पासून आहे. लसनिर्मितीकडे जायचे असेल तर ऑक्सफर्डने विकसित केलेली आर-२१ ही हिवतापाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. कारखान्यातल्या गुणवत्ता-तपासणीच्या जागांना संशोधन म्हणावे की नाही यावर शिक्षकांत मतभेद असतात. माझ्या मते ज्या मुलीला कर्जाचे हप्ते फेडायचे आहेत तिच्यासाठी तो वाद निरर्थक आहे.

एक मत येथे नोंदवते. रेणवीय जीवशास्त्राकडे आज विद्यार्थ्यांची झुंबड आहे आणि डास ओळखता येणारी, स्लाइड खात्रीने वाचणारी माणसे मात्र निवृत्त होत चालली आहेत. आम्हाला शिकवणाऱ्या सरांच्या जागी संस्थेने अजून कोणाला तयार केलेले नाही, हे तेथे उघडपणे दिसत होते. ज्याचा हात स्थिर आहे, ज्याला रविवारी सकाळी अळ्यांना खाऊ घालायला जाण्याचा कंटाळा नाही, त्याने कीटकशास्त्राचा विचार गांभीर्याने करावा.

व्यवस्थेबद्दल थोडेच. वसतिगृह स्वच्छ होते, जेवण साधे आणि वेळेवर. सूक्ष्मदर्शक दोघांत एक होता. स्लाइड वाचनाला हे चालत नाही, कारण एकाचे फील्ड सरकले की दुसऱ्याचे मोजणे मोडते. शिकवणे इंग्रजी-हिंदीत होते आणि ग्रामीण भागातून आलेल्या तीन-चार मुलांना पहिले दोन दिवस जड गेले. प्रमाणपत्र महिन्याभरात येईल असे सांगितले होते, ते चौथ्या महिन्यात आले आणि तोवर एका विद्यार्थिनीच्या अर्जाची मुदत उलटून गेली. संस्थेच्या कार्यालयाने दिलगिरीचे पत्र पाठवले, पण गेलेली मुदत परत आली नाही.

माझा सल्ला असा की पदवीच्या शेवटच्या वर्षातील किंवा एमएस्सीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांना असे प्रशिक्षण जरूर द्यावे. एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात पाठवले तर शिकलेले प्रबंधात वापरायला वेळ उरत नाही. पैसे भरण्यापूर्वी माणशी सूक्ष्मदर्शक किती, पीसीआर कोण करणार, क्षेत्रात किती दिवस जाणार आणि प्रमाणपत्र कोणत्या तारखेला मिळणार, हे लेखी विचारावे. आणि मुलांना बजावून सांगावे की संध्याकाळी खोलीत मोबाइल घेऊन बसू नका, प्रकल्पावरची माणसे जेथे चहा पितात तेथे जाऊन बसा.

माझ्या धाकट्या विद्यार्थिनीने यंदा पुदुच्चेरीच्या एमएस्सीसाठी अर्ज केला आहे. मोठीने व्हरांड्यातले बोलणे ऐकून, घरची परिस्थिती वडिलांशी मोकळेपणी बोलून, संशोधनाकडे न जाण्याचे ठरवले आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेला प्रवेश घेतला. मागच्या आठवड्यात ती महाविद्यालयात आली तेव्हा तिने ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे प्रात्यक्षिक चालू आहे तेथे काढलेला एक जाड स्मिअर दाखवायला आणला होता. मी टेबलावरचे वर्तमानपत्र ओढून त्याखाली धरले. अक्षरे जेमतेम वाचता येत होती.